छत्तीस तारांचा ऑटोहार्प हातानं कसा घडवायचा

ऑटोहार्प करायचं मनात आलं की माणूस आधी लाकूड बघायला जातो. मी सांगेन, आधी कागद-पेन्सिल घ्या आणि तारांची ओढ काढा. छत्तीस तारा एका लाकडी पेटीला दोन्ही टोकांनी धरून रात्रंदिवस ओढत राहणार आहेत. ही ओढ किती, ती कुठून कुठं जाते आणि तिला कोणतं लाकूड अडवणार, हे ठरल्याशिवाय करवत हातात घेऊ नये. आवाज गोड आहे की नाही हे नंतर बघता येतं. पेटी वाकली तर मात्र सगळंच गेलं.

मी बेळगावात शहापूरला राहतो. धंदा बाजाच्या पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या दुरुस्तीचा. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, देवळांच्या पेट्या येतात, अधूनमधून स्वरमंडलही येतं. कॅम्पातल्या एका चर्चच्या गायकवृंदाचा जुना ऑटोहार्प दुरुस्तीला आला, तेव्हा हे वाद्य मी पहिल्यांदा उघडून बघितलं. मग ते घडवायचा नादच लागला. खाली लिहिलेलं सगळं आपल्या भागात मिळणाऱ्या सामानावर बेतलेलं आहे: जुन्या घरांचं सागवान, मिरजेची तार, उद्यमबागेतला टर्नर.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. स्वरमंडल डोळ्यांसमोर आणा. तशीच चपटी पेटी, तशाच तारा, एक बाजू तिरपी. फरक इतकाच की तारांच्या वरून आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीच्या पोटाला लोकरीचं फेल्ट असतं. पट्टी दाबली की फेल्ट नको असलेल्या तारांवर बसतं आणि त्या गप्प होतात. फेल्टला जिथं खाच पाडलेली आहे तेवढ्याच तारा वाजतात. एका हातानं पट्टी दाबायची, दुसऱ्या हातानं सगळ्या तारांवरून नखी फिरवायची, की नेमके हवे तेच स्वर एकत्र ऐकू येतात. चार्ल्स झिमरमन या फिलाडेल्फियात राहणाऱ्या जर्मन माणसानं १८८२ साली या नावाच्या वाद्याचं अमेरिकेत पेटंट घेतलं. पण आज जो घाट आपण बघतो तो जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावच्या कार्ल ऑगस्ट ग्युटरचा. त्या गावात वाद्यं करणाऱ्यांची घरंच्या घरं होती, आपल्याकडं मिरजेत आहेत तशी.

ओढीचा हिशेब

मी ज्या मापाचा ऑटोहार्प करतो त्यात सगळ्यात लांब तार ५२ सेंटिमीटर आणि सगळ्यात आखूड २० सेंटिमीटर. ही लांबी दोन घोड्यांमधली (तारा ज्यांवर टेकतात त्या दोन उभट पट्ट्या), म्हणजे वाजणारी. शेजारच्या दोन तारांत ७ मिलिमीटर अंतर. छत्तीस तारांची मिळून रुंदी २४५ मिलिमीटर होते आणि दोन्ही कडांना थोडी जागा सोडली की पेटी ३० सेंटिमीटर रुंद बसते.

स्वर कसे लावायचे ते ठरलेलं आहे आणि ते बदलायचं कारण नाही. पेटीवाल्यांच्या भाषेत, म्हणजे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नावांनी सांगतो. खर्जात पांढरी चार आणि पांढरी पाच. त्याच्या वरच्या सप्तकात पांढरी एक, दोन, तीन, चार, काळी तीन, पांढरी पाच, सहा, काळी पाच, पांढरी सात. या अकरा झाल्या. तिथून पुढं मधल्या पांढरी एकपासून दोन सप्तकं, काळ्या-पांढऱ्या एकही न सोडता, अगदी वरच्या पांढरी एकपर्यंत. त्या पंचवीस. एकूण छत्तीस.

आता एका तारेची ओढ काढू. मधली पांढरी एक म्हणजे सेकंदाला २६१.६ कंपनं. माझ्या मापात ही बारावी तार, तिची लांबी ०.४२ मीटर. तार घेतली ०.४५ मिलिमीटर जाडीची पोलादी. अशी तार मीटरला सव्वा ग्रॅम भरते. लांबीची दुप्पट करा, तिला कंपनांनी गुणा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि त्याला मीटरमागच्या वजनानं, किलोग्रॅममध्ये, गुणा. २ गुणिले ०.४२ गुणिले २६१.६ म्हणजे जवळपास २२०. वर्ग ४८,३०० च्या आसपास. त्याला ०.००१२५ नं गुणलं की ६० न्यूटन. ९.८ नं भागा. सहा किलोच्या थोडं वर.

प्रत्येक तारेचा असा हिशेब करून जाडी निवडायची, म्हणजे सगळ्यांची ओढ सहा-सात किलोच्या आसपास राहते. कुठली तार ढिली, कुठली ताठ असं झालं तर नखी फिरवताना हाताला खड्डे लागतात. छत्तीस तारांची मिळून ओढ सव्वादोनशे ते अडीचशे किलो होते. तेवढा भार तुमच्या त्या चपट्या पेटीवर कायमचा. स्वरमंडलाच्या तारा बारीक आणि सैल असतात, म्हणून स्वरमंडल करणाऱ्याचा हात ऑटोहार्पला तसाच्या तसा चालत नाही.

तारेसाठी मी मिरजेला जातो. बेळगावहून रेल्वेनं सोपं पडतं आणि सतार-तंबोऱ्याची तार तिथं गुंडाळीनं मिळते. ०.५० मिलिमीटरची तार पांढरी सहापासून वर, मधल्या पांढरी एकला ०.४५, त्याच्यापुढं हळूहळू उतरत ०.३७, वरच्या पांढरी एकला ०.३० आणि शेवटच्या तारेला ०.२५. खालच्या आठ तारांना साधी तार चालत नाही, त्यांना गुंडाळलेली तार लागते. त्यासाठी इलेक्ट्रिक गिटारचे दहा नंबरचे सेट घ्या. त्यातली सहावी तार खालच्या दोन स्वरांना, पाचवी त्यानंतरच्या पांढरी एकला आणि चौथी पुढच्या पाचांना बरोबर बसते.

खुंट्यांची फळी

सगळ्या वाद्यात जीव कुठं लावायचा तर तारा ताणणाऱ्या खुंट्या जिच्यात बसतात त्या या फळीला. ऑटोहार्प फुटतो तो बहुतेक इथंच. एका ओळीत छत्तीस भोकं पाडली आणि लाकडाचे तंतूही त्याच दिशेनं गेले, तर फळीला तुम्ही स्वतःच चिरेची रेघ आखून दिलीत. म्हणून दोन गोष्टी करायच्या. फळी तीन थरांची करायची, प्रत्येक थर १० मिलिमीटरचा आणि मधल्या थराचे तंतू बाहेरच्या दोघांना काटकोनात. आणि खुंट्या तीन ओळींत, एक खाली एक मधे एक वर अशा पाडायच्या, म्हणजे एकाच ओळीतल्या दोन खुंट्यांत २१ मिलिमीटर अंतर राहतं.

लाकूड कोणतं? सागवान इथं घेऊ नका. सागवान सरळ राहतं, पण खुंटीला घट्ट धरत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत खुंट्या फिरायला लागतात. लाकूडवाल्यांकडं बाहेरून आलेलं बीच मिळतं, ते उत्तम. माझ्या मनातलं लाकूड मात्र बाभूळ. चिकोडी-अथणीकडं बैलगाड्यांची चाकं बाभळीची असायची. गाड्या गेल्या, पण कुणाच्या तरी गोठ्यामागं जुनं चाक अजून पडलेलं असतं. ते लाकूड इतकं मुरलेलं असतं की रंध्याचं पातं दोनदा लावून घ्यावं लागतं. त्यात बसलेली खुंटी हलत नाही. किडीची भोकं आणि आतल्या चिरा मात्र नीट तपासा, ठोकून आवाज ऐका. बद्द वाजला तर तो तुकडा बाजूला.

थर चिकटवायला पांढरा गोंद वापरू नका. बाकीच्या पेटीला तो चालतो, पण सततच्या ओढीखाली तो सुकल्यानंतरसुद्धा मुंगीच्या पावलानं सरकतो आणि थर एकमेकांवरून घसरतात. इथं दोन नळ्यांचा एपॉक्सी किंवा जुन्या पद्धतीचा गरम सरस. शिसवी वापरणार असाल तर चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या, तिच्या तेलामुळं सांधा धरत नाही. शिकंजे भरपूर लावा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका.

हे काम कधी करायचं तेही सांगतो. शिमग्याच्या आसपास सुरू करा आणि वळवाच्या आधी लाकडाचं सगळं चिकटवून मोकळे व्हा. मृगापासून गणपतीपर्यंत आमच्याकडं हवा ओली असते, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर भिंतींना पाणी सुटतं. त्या दिवसांत चिकटवलेली तबली, म्हणजे पेटीची वरची पातळ फळी, दिवाळीनंतर आकसते आणि मधून चिरते. पावसाळ्यात फेल्ट कापा, खुंट्या घासा, तारांना फास मारा. लाकडाला विश्रांती द्या.

खुंटीची भोकं

मिरजेत स्वरमंडलाच्या लोखंडी खुंट्या मिळतात. पण सगळ्या एका जाडीच्या असतील अशी खात्री धरू नका, व्हर्नियरनं एकेक मोजा. मी उद्यमबागेतल्या एका टर्नरकडून करून घेतो. "एष्टु बेकु, मास्तर?" (किती पाहिजेत?) एवढंच विचारतो आणि दोन दिवसांत देतो. ५ मिलिमीटर जाडी, ४० मिलिमीटर लांबी, खालच्या भागावर अगदी बारीक आटे, वर चौकोनी डोकं, तारेसाठी आरपार बारीक भोक. बेळगावात ओतकाम आणि लेथ गल्लोगल्ली असताना परदेशी खुंट्या मागवायचं कारण मला दिसत नाही. चार-पाच जास्तीच्या करून घ्या.

५ मिलिमीटरच्या खुंटीला भोक ४.७५ च्या आसपास लागतं. पण हा आकडा प्रत्येक लाकडाला बदलतो, म्हणून त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यात ४.७ आणि ४.८ अशी दोन भोकं पाडून खुंटी फिरवून बघा. चावीनं फिरवताना मनगटाला जोर लागला पाहिजे आणि फिरणं सलग झालं पाहिजे. करकर करत, झटके देत फिरत असेल तर भोक लहान आहे. मग तो स्वर तुम्हाला कधीच नेमका लावता येणार नाही, कारण खुंटी हवी त्याच्या अलीकडं नाहीतर पलीकडं थांबते.

खुंटी सरळ उभी ठोकायची नाही. तारेच्या ओढीच्या उलट दिशेला पाच अंश मागं कललेली हवी, म्हणजे तार तिला भोकात दाबत राहते. यासाठी लाकडाची एक पाचर करा, १०० मिलिमीटर लांबीत पावणेनऊ मिलिमीटर चढणारी. ती ड्रिल मशीनच्या टेबलावर फळीखाली ठेवली की सगळी भोकं आपोआप एका कलात येतात. हातातल्या ड्रिलनं करणार असाल तर त्याच पाचरीला आरपार भोक पाडून तिचा साचा म्हणून वापर करा. खुंट्या तबलीतून आरपार खाली फळीत जातात, म्हणून भोकं तबली चिकटवून झाल्यावरच पाडायची.

चौकट, पाठ आणि तबली

बाजू जुन्या सागवानाच्या. बेळगावात जुनी घरं पाडली जातात तेव्हा खिडक्यांच्या चौकटी, तुळया विकायला येतात. पन्नास-साठ पावसाळे बघितलेलं ते लाकूड आता हलायचं नाही. खिळे नीट काढून घ्या, नाहीतर रंध्याचं पातं गेलं. जाडी खुंट्यांच्या फळीइतकीच, ३० मिलिमीटर. कोपऱ्यात टोकाला टोक नुसतं चिकटवू नका, एकात एक बसणारी खाच काढा. खालच्या टोकाला, जिथं तारा अडकतात, तिथली पट्टीही बाभळीची किंवा बीचची असू द्या.

तारा तबलीच्या वरून जातात, म्हणून त्यांची ओढ चौकटीच्या मधोमध बसत नाही. ती पेटीची दोन्ही टोकं वर उचलायला बघते. पाठीची फळी ताणली जाते आणि तबली मधे दबते. याला दोन उपाय. पाठ ४ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायची, कडेला पूर्ण चिकटवलेली. आणि आत खुंट्यांच्या फळीपासून खालच्या पट्टीपर्यंत एक उभा आधार, मधल्या तारांच्या बरोबर खाली, दोन्ही टोकांना घट्ट बसणारा. तो तबलीला चिकटता कामा नये. तबलीखाली दोन मिलिमीटर तरी मोकळं ठेवा, नाहीतर तिचा आवाजच अडतो.

तबलीला परदेशात स्प्रूस वापरतात. आपण देवदार घेतो. फळीच्या टोकाकडून बघा, वाढीच्या रेघा उभ्या आणि जवळजवळ असायला हव्यात. अशा दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या. चिकटवण्याआधी दोन्ही कडा जुळवून उजेडासमोर धरा, कुठंही उजेड दिसला तर रंधा पुन्हा मारा. जाडी साडेतीन मिलिमीटरवर आणायची. आतून दोन आडव्या पट्ट्या, ध्वनीचं भोक वरच्या अंगाला. भोकाभोवती नक्षी करायची तर करा, मी करत नाही. त्या वेळात मी घोडी घासतो.

घोड्या शिसवीच्या, दोन्ही टोकांना एकेक. माथ्यावर खाच पाडून त्यात सायकलचा पोलादी स्पोक बसवा. तार लाकडावर टेकली तर काही महिन्यांत खड्डा पडतो आणि स्वर झणझणतो. तार घोडीवरून जाताना थोडी खाली मोडली पाहिजे, दहा अंशांच्या आसपास. तेवढी मोड नसेल तर तार घोडीवर नाचते, जास्त असेल तर तिथंच तुटते. पॉलिश म्हणाल तर स्पिरिटमधल्या लाखेचे चार-पाच पातळ हात पुरे. घोडीच्या माथ्याला आणि खुंट्यांच्या भोकांना पॉलिश लागू देऊ नका.

तारा चढवणं

मधल्या तारेपासून सुरू करून एक डावीकडं, एक उजवीकडं अशा चढवा. पहिल्यांदा सगळ्या तारा स्वराच्या बऱ्याच खाली ठेवा. दुसऱ्या दिवशी निम्मं अंतर चढवा, तिसऱ्या दिवशी स्वरापर्यंत. पेटी प्रत्येक वेळी थोडी बसते आणि आधी लावलेल्या तारा उतरतात, हे होणारच. पाठीवर लोखंडी पट्टी उभी धरून टोकांशी किती फट पडते ते तारा चढवण्याआधी आणि नंतर लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात थोडा बदल होतो आणि थांबतो. तो आठवड्यागणिक वाढत चालला असेल तर तारा लगेच उतरवा, आतला आधार कुठंतरी सुटलेला आहे.

फेल्टच्या पट्ट्या

आता ज्या कामामुळं याला ऑटोहार्प म्हणायचं ते काम. १८९० च्या दशकात झिमरमनचा धंदा आल्फ्रेड डॉल्जनं विकत घेतला. डॉल्ज मुळात पियानोच्या फेल्टचा कारखानदार होता. या वाद्याचं सगळं फेल्टवर अवलंबून आहे हे त्याला आधीच माहीत असणार असं मला नेहमी वाटतं.

फेल्ट लोकरीचं, दाबून केलेलं, ६ मिलिमीटर जाड हवं. हार्मोनियमच्या पट्ट्यांखालचं पातळ पडतं. यंत्रांच्या सीलसाठी विकतात ते लोकरी फेल्ट उद्यमबागेच्या दुकानांत मिळतं आणि ते छान चालतं. घोंगडीचा तुकडा घेऊन बरेच जण येतात. घोंगडी विणलेली असते, कापली की दोरे सुटतात आणि तारेत अडकतात. सिंथेटिक फेल्ट तारेवर सूं असा आवाज करतं, तेही नको.

पट्ट्या सागवानाच्या, १० मिलिमीटर रुंद, १२ मिलिमीटर उंच. दोन्ही टोकांखाली बॉलपेनमधली स्प्रिंग. पट्टी मोकळी असताना फेल्ट आणि तारेत ३ मिलिमीटर अंतर. बाजारातल्या ऑटोहार्पला पंधरा किंवा एकवीस पट्ट्या असतात. पहिल्या वाद्याला सहा करा. पाच कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या (पांढरी एकला सा धरून): सा ग प, म ध सा, प नी रे म, ध सा ग आणि रे म ध. चर्चमधली बहुतेक गाणी आणि आपल्या कितीतरी आरत्या यांत होतात. सहावीचं पुढं सांगतो.

खाचा कुठं पाडायच्या ते फूटपट्टीनं मोजू नका. तारा चढवून झाल्या की ज्या जागी पट्टी बसणार तिथं कागदाची पट्टी तारांवर ठेवा आणि वरून पेन्सिल आडवी धरून घासा. छत्तीस तारांच्या छत्तीस रेघा कागदावर उमटतात. आता प्रत्येक रेघेखाली स्वर लिहा. सा ग प च्या पट्टीला चार सा, तीन ग आणि चार प अशा अकरा रेघांना लाल खूण करा. उरलेल्या पंचवीस तारा गप्प होणार आहेत. मग कागद फेल्टवर ठेवा आणि नव्या ब्लेडनं लाल खुणेच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर सोडून सरळ खाली काप द्या. मधला तुकडा चिमट्यानं उचलून काढा. ब्लेड तिरपं गेलं तर खाच खाली रुंद होते आणि शेजारची तार अर्धवट सुटते. दोन पट्ट्या कापल्या की ब्लेड बदला.

पट्टी बसवली की दाबून धरा आणि एकेक तार छेडा, खालपासून वरपर्यंत सगळ्या. गप्प व्हायची ती तार नुसती 'ठक्' वाजायला हवी. काही तारा मात्र ठक् न वाजता बारीक, उंच, शिट्टीसारखा स्वर देतील. यात खाचेची चूक नाही. फेल्ट त्या तारेच्या बरोबर अर्ध्यावर, तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्शावर टेकलेलं असतं आणि तिथं हलकं टेकलं की तारेतला वरचा अंशस्वर मोकळा वाजतो. पट्टी खालच्या घोडीपासून १३ सेंटिमीटरवर असेल तर २६ सेंटिमीटरच्या तारेचा तो निम्मा, ३९ च्या तारेचा तिसरा आणि ५२ च्या तारेचा चौथा हिस्सा होतो. तारांची लांबी सरकत जात असल्यानं पट्टी कुठंही ठेवली तरी कुठल्या ना कुठल्या तारेला हे होणार. उपाय फेल्टच्या रुंदीत आहे. फेल्ट पट्टीच्या पूर्ण १० मिलिमीटर रुंदीचं असू द्या, म्हणजे ते एका बिंदूवर न टेकता तारेचा तुकडाच धरतं. तरी शिट्टी येत असेल तर तेवढ्या तारेवर फेल्टचा पातळ कपटा वरून चिकटवा.

सहा पट्ट्या एकमेकींपासून १२ मिलिमीटरवर, खालच्या घोडीपासून ७ ते १४ सेंटिमीटरच्या पट्ट्यात बसवल्या की सगळ्यात आखूड तारेलाही नखी फिरवायला ६ सेंटिमीटर जागा उरते.

भूपाची पट्टी

खानापूरकडचे एक भजन गाणारे काका माझ्याकडं पेटी घेऊन येतात. त्यांनी ऑटोहार्प वाजवून बघितला आणि म्हणाले, "मास्तर, ह्ये तीन-तीन सूर बरे हायत, पण मला सगळा भूप एका दाबात पाहिजे की." त्यांच्यासाठी सहावी पट्टी झाली. सा रे ग प ध एवढे स्वर मोकळे, म, नी आणि सगळे कोमल-तीव्र बंद. छत्तीसपैकी सतरा तारा वाजतात, एकोणीस गप्प. नखी फिरवली की स्वरमंडल भूपात लावल्यासारखं वाजतं आणि पट्टी सोडून दुसरी दाबली की लगेच दुसरा मेळ. स्वरमंडलाच्या तारा दर रागाला नव्यानं लावाव्या लागतात, इथं ते काम फेल्ट करतं. दुर्गाची पट्टी सा रे म प ध, मालकंसाची सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. कोमल ग आणि कोमल ध खालच्या अकरा तारांत नाहीत, म्हणून मालकंस खाली थोडा विरळ वाजतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं.

आता स्वर लावण्याबद्दल. मोबाइलवरचा ट्यूनर पियानोसारखे समान अंतराचे स्वर देतो. त्यात ग शुद्धापेक्षा १४ सेंट चढा असतो (पेटीच्या लगतच्या दोन स्वरांत शंभर सेंट), ध १६ सेंट, नी १२ सेंट. पेटीवर आपण हे सोसतो. पण छत्तीस तारा एकदम मोकळ्या वाजल्या की चढा ग फार खुपतो, आणि कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी ज्या जिल्ह्यात आहे तिथले कान तो ओळखतातच. म्हणून गिऱ्हाइकाचा सा एकच ठरलेला असेल तर मी आधी सगळे सा लावतो, मग प कानानं मिळवतो, मग ग सा-प च्या मधे उतरवत आणतो, एकत्र वाजताना आवाजात ऐकू येणारे ठोके थांबेपर्यंत. ध म शी मिळवायचा, नी प शी. सा ग प, म ध सा आणि प ची पट्टी स्वच्छ वाजतात. रे म ध ची पट्टी यात थोडी बिघडते, कारण सा शी जुळलेला रे उतरवलेल्या ध शी जुळत नाही. गायकवृंद वेगवेगळ्या पट्टीत गाणारा असेल तर हे करू नका, ट्यूनरप्रमाणे समान अंतर ठेवा. दोन्ही एका वाद्यात होत नाही, आणि ज्याला वाद्य द्यायचं त्याला हे समजावून विचारूनच लावा.

वाद्य हातावेगळं केल्यावर

पहिले दोन महिने दर आठवड्याला स्वर तपासा, मग महिन्याला पुरतं. खुंटी ढिली झाली तर भोकात खडूची पूड किंवा कागद कोंबू नका. त्याच जागी थोडी जाड, ५.२ मिलिमीटरची खुंटी बसवा. म्हणूनच टर्नरकडून त्या जास्तीच्या चार-पाच खुंट्या जाड करून घ्यायच्या. पावसाळ्यात वाजवून झालं की तारा सुक्या सुती फडक्यानं पुसा, घामाचं बोट लागलेली तार आठ दिवसांत तांबडी होते. कपाटात ठेवताना वाद्य भिंतीला टेकवू नका, ओल भिंतीतून येते.

फेल्टला तारांचे खोल चर पडले की पट्टी जास्त दाबावी लागते आणि वाजवणाऱ्याचं बोट दुखायला लागतं. पूर्ण फेल्ट काढून नवं लावायचं, चर बुजवत बसायचं नाही. जुन्या कागदाच्या पट्ट्या, स्वर लिहिलेल्या, पेटीच्या पाठीला पाकिटात चिकटवून ठेवल्या असतील तर नवं फेल्ट कापायला तुमचीच गरज पडणार नाही. गावातला कुणीही नीट हात असलेला सुतार ते करू शकतो.